बाटलीचा फोटो

माझं डोकं फिरायला कारण लागत न्हाई, पण भुजंगनं ते दिलं. परवा वाटूरला रामराव गुरुजींच्या घराचा स्लॅब, अन् माझा हेड मिस्तरी म्हणतो, बरं वाटून न्हाई राह्यलं. दोनदा तारीख हुकल्ती. आता हुकली तर दुसरा ठेकेदार बघतो, असं गुरुजींनी मला साफ सांगितल्तं.

मिस्तरी लोकांची दुखणी मला तोंडपाठ हायत. लग्नसराईत कंबर, पोळ्याला पोट, अन् स्लॅबच्या दिवशी ताप ठरलेला. म्हणून मी नियमच केल्ता. हाताला सलाईन लावल्याचा फोटो कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, तरच सुट्टी. बाटली न्हाई तर बिमारी न्हाई.

भुजंगला तेच सुनावलं. दुपारी फोटो आला. खाट, बाटली, सुई टोचलेला हात. मी फोटो मोठा करून बघितला, तर मनगटात हिरवी बांगडी! सिमेंटनं फाटलेला भुजंगचा पंजा मी झोपेतबी ओळखीन. मला येडं समजून राह्यला का हा?

गाडी काढली अन् थेट त्याच्या घरी गेलो. त्याची बायको पुष्पाबाई दारातच उभी. हातावर सुईची पट्टी, त्याच हातात हिरवी बांगडी. आत भुजंग भिंतीला टेकून बसल्ता. डोळे हळदीसारखे पिवळे.

कावीळ हाय, ती म्हणली. डॉक्टरनं पंधरा दिवस आराम सांगितला, सलाईनची गरज न्हाई म्हणला. मंग ती सोताच दुसऱ्या दवाखान्यात गेली, चक्कर येती म्हणून सांगितलं, अन् चांगल्या हाताला सुई टोचून घेऊन आली.

“तुम्हाला माणूस दिसत न्हाई मालक, बाटली दिसती. मंग घ्या बाटली.”

तिचं खरं होतं, हे मला तिथंच कळलं. पण दारात उभं करून माझा पाणउतारा करती म्हणजे काय? मी तिच्यासमोरच ग्रुपवर टाकलं: भुजंगनं खोटा फोटो टाकला, आजपासून कामावरून बंद. आत त्याचा फोन वाजला. पुष्पाबाईनं तो बघितला अन् माझ्या तोंडावर दार लावलं.

स्लॅबच्या दिवशी सकाळी सातला मी साईटवर. मिक्सर उभा, खडी-वाळू तयार, गुरुजी हातात नारळ घेऊन. माणूस मात्र एकबी न्हाई. शिव्या घालायला फोन काढला, तर तोच वाजला. ग्रुपवर माझ्या मजुराचा, संघपालचा फोटो. खाट, बाटली, सुई टोचलेला हात. मंग सुमितचा. मंग बाकीच्या मजुरांचे, बाराच्या बारा. फोटो एकच, हिरव्या बांगडीचा. खाली लिहिल्तं, नियमापरमाणं सुट्टी.

गुरुजींनी विचारलं, माणसं कुठं हायत?

“आजारी हायत,” मी म्हणलो.

“सगळी?”

“सगळी.”

गुरुजींनी नारळ परत पिशवीत ठेवला.