पट्ट्यावरचं गवत

खुलताबादच्या डोंगरावर वळवाची वीज पडली, पाऊस मात्र पडला नाही. वाळलेलं गवत पेटलं आणि जाळ वस्तीकडं उतरू लागला. मध्ये आग अडवायचा जाळपट्टा होता, पण नावालाच. वनरक्षक गयास दरवर्षी माघात तो जाळून मोकळा करायचा. यंदा चाऱ्याची ओढ, म्हणून वस्तीवरच्या साळूबाईनंच त्याला हात जोडून थांबवलं होतं.

आता गयास खालच्या गाडीवाटेवर काडेपेटी घेऊन उभा होता. इथून समोरचं गवत पेटवलं, तर दोन्ही जाळ एकमेकांना भिडून विझणार होते.

"थांबा गयासभाई, आमचे मालक शेळ्या सोडवाया वर गेलेत," साळूबाई धावत येत म्हणाली.

"कब गये, भाभी?"

"आत्ताच."

नवऱ्याचं नाव कधी न घेणारी साळूबाई "फकिरा, फकिरा" म्हणून हाका मारू लागली. धुरातून नुसती तडतड ऐकू आली. मागं चाळीस छपरं होती, त्यातल्या एकाखाली तिची दोन पोरं. जाळ शंभर पावलांवर आला. गयासची काडी दोनदा विझली.

साळूबाईनं पेटी घेतली आणि वाकून गवताला काडी लावली. मोठ्या जाळानं नव्या जाळाला वर ओढून घेतलं, अगदी हवं तसं. ती वाटेवरून हाका मारत राहिली.