पायाखालचा ब्रेक

नवरा उठता-बसता थँक यू म्हणाला की बायको सुखावते, असं ज्याला वाटतं त्याने दोन दिवस आमच्या घरी येऊन राहावं.

आमचे हे पूर्वी असे नव्हते हो. ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली आणि शिकवता शिकवता रडवलंही. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असायचा, आणि जिभेवर त्याहून कडक शब्द. घरीही तेच. कपाटाचं दार उघडं राहिलं की, "मागे बघायची पद्धत आहे की नाही?" मी शिवणकाम करते, हातात कायम कात्री, त्यामुळे मला सहसा कोणी बोलत नाही. हे बोलायचे. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. आमचं भांडण नीट ऐकू यावं म्हणून वरच्या मजल्यावरचे लोक टीव्हीचा आवाज बारीक करायचे.

मग एका सकाळी त्यांची डावी बाजू गेली. जीव वाचला, बोलणंही वाचलं, पण हात-पाय रुसले ते रुसलेच. आणि हा माणूस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा वागायला लागला. मोजा चढवला, थँक यू. उशी सरकवली, थँक यू. एकदा मी वैतागून त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. म्हटलं, आता तरी ओरडतील. सगळा कप प्यायले आणि म्हणाले, "थँक यू." मी कप विसळायला नेला आणि नळ सोडून रडले.

"अहो, मी काय परकी आहे का?" मी एकदा फणकारलेच. "घरच्या माणसाला कोणी थँक यू म्हणतं?"

"तुला किती त्रास माझा," ते म्हणाले. "दुसरं काय देणार तुला?"

पायाचं दुःख होतंच, पण पायाला निदान काठी मिळते. मला माझा भांडणारा नवरा परत हवा होता, आणि तो कुठल्या दुकानात मिळतो ते कोणी सांगत नव्हतं.

आमच्या गावाबाहेर टेकडीवर दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर आहे, म्हणजे त्यातलं जे काय उरलंय ते. माझ्या बहिणीची मुलगी, जिला आम्ही चिमणी म्हणतो, ती टेकडीच्या पायथ्याशी बॅटरीवरच्या सायकली भाड्याने देते. सोबत डोळ्यांवर बांधायचा एक डबा देते. पडक्या भिंतीसमोर उभं राहून तो लावला की भिंत पहिल्यासारखी उभी दिसते, रंगासकट, माणसांसकट. ह्यांनी त्या टेकडीच्या रस्त्यावर जन्मभर लोकांना चढावर गाडी उचलायला शिकवलं. वर शहरात मात्र आम्ही कधी गेलो नाही. कधीतरी जाऊ, कधीतरी जाऊ, असं करत राहिलो, आणि आता चाकाची खुर्ची काही त्या दगडांवरून जाणार नव्हती.

"काका माझ्या दुकानात बसतील," चिमणी म्हणाली. "मावशी, तू वर जायचं."

"मी? या वयात?"

"शिवणाच्या क्लासला सायकलवरून जायचीस ना? मग झालं तर." तिने हँडलच्या पुढे एक काठी बसवली, तिच्यावर लिंबाएवढा कॅमेरा. "याला चारही बाजूंचं दिसतं. काका मान वळवतील तिकडचं त्यांना डब्यात दिसेल. मोठी वास्तू आली की मी त्यांना ती जुन्या काळची करून दाखवेन. कानात हे घाल, बोलता येईल."

ह्यांनी डबा बांधून घेतला. "थँक यू," चिमणीला म्हणाले. "थँक यू," मला म्हणाले. मी पायडल मारलं ते रागातच.

पण सायकल गुणाची निघाली. चढ आला की कोणीतरी पाठीला हात लावून ढकलावं तशी पुढे जायची. वेशीपाशी थांबले. "दिसतेय का वेस?"

"दिसतेय. छान आहे. थँक यू."

पुढे बाजाराचा रस्ता. फरशीत बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. मला वाटलं, आता तरी खुलतील. पूर्वीचे असते तर त्या चाकोऱ्यांवरून लेनच्या शिस्तीवर तासभर व्याख्यान झालं असतं. "बघा की, कसे एका रेषेत गाडी हाकायचे," मीच म्हटलं.

"हो. छान. तू दमली असशील."

माझा धीरच सुटला. नाटकगृहाच्या पायऱ्या त्यांना न विचारताच दाखवल्या आणि सायकल उताराला लावली. खाली जुना तलाव, मोकळा रस्ता, तोंडावर वारा. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातांची कोणाला गरज नव्हती. काय वाटलं कोण जाणे, मी हँडल सोडलं आणि दोन्ही हात वर केले. हसूही यायला लागलं.

"ब्रेक! ब्रेक दाब!"

कानात बाँब फुटल्यासारखं झालं.

"हँडल कोणाच्या भरवशावर सोडलंस? पुढे वळण आहे, दिसत नाही? दात काय काढतेस, समोर बघ!"

मी कशीबशी तलावाच्या काठाशी थांबले. "मी हसत होते ते तुम्हाला कसं कळलं?"

त्यांच्याऐवजी चिमणीचा आवाज आला. "मावशी, काका कुठे बघतात ते मला स्क्रीनवर दिसतं. वेस सोडली तर त्यांनी शहर बघितलंच नाही. मी एवढा बाजार उभा करून दाखवला, घोडे दाखवले. कॅमेऱ्याच्या मागे तू दिसतेस ना, ते खुर्ची उलटी फिरवून तुझ्याकडेच तोंड करून बसलेत. आणि ऐक ना, त्यांचे पाय."

"काय झालं पायांना?"

"जमिनीवर दाबून धरलेत. तू थांबलीस तरी सोडत नाहीयेत."

"उजवा ना?"

"दोन्ही, मावशी."

मी सायकल हातात धरून चालतच खाली आले, कारण डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं. दुकानात हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. डाव्या पायातली चप्पल निसटून पुढे गेली होती. मी डबा काढला. कपाळावर पट्ट्याचे वळ होते आणि भुवया अशा चढलेल्या, की मला त्यांची दृष्ट काढावीशी वाटली.

"उतारावर हात सोडतात का?" ते कडाडले. "कोणी लायसन्स दिलं तुला?"

"सायकलला लायसन्स लागत नाही."

"तोंड वर करून बोलतेस आणखी. पडली असतीस म्हणजे?"

मी खाली बसले, चप्पल उचलून त्यांच्या डाव्या पायात घातली. तो पाय अजून घट्ट होता. मी वाट बघितली. ते काहीच म्हणाले नाहीत.

"थँक यू," मीच म्हटलं.

"थँक यू काय, परक्यासारखी?" ते म्हणाले. "तो डबा दे इकडे आणि परत वर जा. आधी मागचा ब्रेक, मग पुढचा. मी बघतोय."