किन्हवलीचं चॅनेल

ऐन मालिकेच्या वेळी टीव्हीवर निळा पडदा आला आणि किन्हवलीत केबलवाल्या इंद्रजीतच्या नावाने शिमगा सुरू झाला.

खरं तर भांडण त्याचं नव्हतंच. चॅनेलवाल्यांनी दर वाढवले, कल्याणच्या केबल कंपनीने वाढ द्यायला नकार दिला, तशी चॅनेलवाल्यांनी आपली सगळी चॅनेलं बंद करून टाकली. इंद्रजीत या दोघांच्या खाली. त्याच्या वडिलांनी, बाळारामने, झाडाझाडांवरून ओढलेली वायर तेवढी त्याची. तिच्यातून काय जाणार ते वरचे ठरवणार. पण लोकांना वरचे कुठे दिसतात? दारात वसुलीला येतो तो इंद्रजीत.

"पैसं घ्याया बरा येतोस, आन चॅनेल गेली का कंपनीकडं बोट?" प्रेमाबाईने भर बाजारात त्याला झापलं. बघता बघता निम्म्या घरांच्या पत्र्यांवर डिशच्या छत्र्या बसल्या.

मग एके दिवशी वरच्या दोघांचं जुळलं. मालिका परत आल्या, पॅकेज महागलं आणि इंद्रजीतचा वाटा मात्र कमी झाला. तो तडक कल्याणला गेला. तिथल्या साहेबाने चहा मागवला.

"वाढीव पैसा सगळा चॅनेलवाल्यांकडे जातो हो. आम्ही तरी काय करणार?" साहेब म्हणाला. आणि इंद्रजीत उठायला लागला तसा पुढे म्हणाला, "हां, तुमचं ते गावचं चॅनेल. तो नंबर आम्ही जाहिरातवाल्यांना दिलाय."

वाटा कापल्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं. त्या नंबरवर तो गावची लग्नं दाखवायचा, भीमजयंतीची मिरवणूक, मैदानातली कबड्डी. कुणाच्या घरी मयत झाली की खाली पट्टी फिरायची.

"साहेब, तेवढं ऱ्हाऊ द्या. तुमचा त्याच्यावर काय खर्च नाय."

"घराघरातले बॉक्स कुणाचे? कंपनीचे. मग नंबर कुणाचा?"

परतीच्या एसटीत त्याला देवकीकाकी आठवली.

दामू आणि देवकीचा एकुलता एक कान्हा कबड्डीचा पट्टीचा खेळाडू. हायवेवर ट्रकने त्याला उडवलं. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी संध्याकाळी इंद्रजीत त्याचा शेवटचा सामना चॅनेलवर लावायचा. कान्हा चढाईला जाई, चौघांना बाद करून रेषेवर हात टेके, आणि घराघरातून एकदमच ओरडा उठे.

यंदा त्या संध्याकाळी त्या नंबरवर एक बाई कंबरदुखीचं तेल विकत होती. इंद्रजीत मोबाईल घेऊन दामूच्या घरी गेला. देवकी ओट्यावर बसली होती.

"लावलंस का रं?"

"काकी, नंबर गेला. कंपनीनं घेतला. पण ह्याच्यात आणलाय, बघा."

दामू जवळ सरकला. हातभर मैदान बोटभर झालं होतं. कान्हा रेषेवर पडला, मोबाईलमधून पातळसा गलका आला. देवकीने मोबाईल परत केला.

"मी कदी बघाया नाय बसले रं," ती म्हणाली. "टीवी आत चालतो, मी हितं भायेर बसते. समद्या गावातना त्याच्या नावाचा वरडा येतो ना, तो ऐकाया."

इंद्रजीतने मोबाईलवर गावचा ग्रुप उघडला. "ग्रुपवर टाकतो, काकी. समदी बघतील."

"बघतील. ज्याला जवा टाइम भेटंल तवा."

तरी त्याने टाकला. नमस्काराचे हात येत राहिले. आजूबाजूच्या घरांतून कुठे मालिका, कुठे बातम्या, कुठे क्रिकेट ऐकू येत होतं. देवकी बराच वेळ तशीच बसून राहिली. शेवटी दामू म्हणाला, "चल गो आत," तेव्हा उठली.

पुढे इंद्रजीतने आपली लाइन कंपनीलाच देऊन टाकली. आता तो कंपनीचा शर्ट घालून शहापुरात बॉक्स बसवतो. किन्हवलीची तक्रार आली की दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो.