हाय म्हणजे हजर

मी मोबाईल बोलतोय. काचेला तडा गेलाय, आवाजही जरा घोगरा येतो, तेवढं सांभाळून घ्या.

माझा पहिला मालक भिंगारचा हर्षल. टाळेबंदीत त्याचं कॉलेज माझ्यातच भरायचं. सरांनी नाव घेतलं की तो "प्रेझेंट सर" म्हणायचा, कॅमेरा बंद करायचा आणि पुन्हा पांघरुणात शिरायचा. वर्षभर त्याची हजेरी शंभर टक्के होती. नवा फोन आला तसा त्यानं मला दुकानात विकून टाकलं.

तिथून मला सवितानं घेतलं. ती पाथर्डीकडची, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी, आणि दूरशिक्षणातून बी.ए. करणारी. नेवाशाजवळ उसाच्या फडाकडेला पाचटाच्या कोपीत ते राहायचे. रेंज यायची ती फक्त विहिरीच्या कठड्यावर. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ती मला चार्ज करायची आणि कठड्यावर उतरवून घेतलेले धडे ऊस तोडताना कानात ऐकायची. चणे आहेत तर दात नाहीत, दात आहेत तर चणे नाहीत. मी दोन्ही घरं पाहिली.

फोनवरून होणाऱ्या तोंडी परीक्षेचा दिवस आला. ती चुकली की वर्ष वाया. सविताचा नंबर दुपारचा होता, म्हणून तिनं मला सासूच्या हातात दिलं. "आत्याबाई, नाव पुकारलं की हाळी द्या." भागूबाई मला घेऊन कठड्यावर बसल्या. आणि नाव तासभर आधीच पुकारलं गेलं.

"सविता आहेत का?" परीक्षा घेणाऱ्या सरांनी विचारलं.

भागूबाईंनी आधी फडाकडं हाळी दिली, मग मला तोंडाशी धरलं. "हाय!"

"हाय-हॅलो नको. हजर आहात का?"

"तेच तर म्हनतीय! हाय. डोक्यावर मोळी हाय तिच्या, टाकली की आलीच. न्हाई म्हनून लिहू नगा, मास्तर."

मी चार टक्क्यांवर होतो. काच फुटली तेव्हाही मला एवढी भीती वाटली नव्हती.

"थांबतो, आजी," सर म्हणाले. "येऊ द्या त्यांना."

सविता धापा टाकत आली. सरांनी स्थलांतराची कारणं विचारली. पुस्तकातली चार तिनं घडाघडा सांगितली. पाचवं ती स्वतःच्या गावचं सांगू लागली, आणि मी बंद पडलो. तेवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

तेवढ्या उत्तरावरही सविता पास झाली. आता दुसऱ्या वर्षाचे तास ती नव्या फोनवर करते. माझी बॅटरी फुगली म्हणून काढून टाकली; मी पत्र्याच्या पेटीत, तिच्या गुणपत्रिकेशेजारी पडून असतो.

झोपलेल्या हर्षलची हजेरी मीच लावत होतो, ते अजून मनाला खातं. म्हणून हजेरी घेणाऱ्यांनो, एवढंच मागणं आहे. पलीकडून कुणी "हाय" म्हणालं, तर पुढचं नाव घ्यायच्या आधी जरा थांबा.