डावा गुडघा

अनिकाचा डावा गुडघा ठणठणीत आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मार्चमधल्या एका शनिवारी इथली शहाणीसुरती माणसं तो दुखावलाय असं कागदावर लिहायला निघाली होती, आणि त्यांतला एक माझा नवरा होता.

अनिका माझी मुलगी. तेरा वर्षांची आहे, आइस हॉकी खेळते, गोलकीपर आहे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नीनामावशींनी मला विचारलं होतं, "अगं, मुलीच्या जातीला हॉकी? दात पडले म्हणजे?" मी म्हटलं, "तोंडावर जाळी असते मावशी. काही लोकांना ती एरवीही शोभली असती." यतीन, म्हणजे माझा नवरा, घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात. असू दे. यतीनच्या नाकावर काहीच टिकत नाही, चष्मासुद्धा घसरतो.

मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावच्या क्लबात मुलींच्या दोन टीम आहेत, पहिली आणि दुसरी. दुसरीतली मुलगी जरा चांगली खेळायला लागली की तिला उचलून पहिलीत नेतात, आणि दुसरीचा कोच पुन्हा नव्या मुलींना बर्फावर उभं राहायला शिकवत बसतो. रोपं एकाने वाढवायची आणि आंबे दुसऱ्याने खायचे. याला इथे फार्म टीम म्हणतात. अनिका दुसऱ्या टीमची. तिचा कोच ओस्ताप.

ओस्ताप युक्रेनचा. युद्ध पेटल्यावर बायको आणि मुलाला घेऊन मिशिगनला आला. सकाळी रिंकवर बर्फ सपाट करायचं यंत्र चालवतो, संध्याकाळी मुलींना शिकवतो. कमी बोलतो. अनिकाला त्याने पहिली गोष्ट शिकवली ती गुडघ्यांवर पडण्याची. समोरून पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, आला की गोलकीपरने दोन्ही गुडघे आत वळवून धाडकन बर्फावर टाकायचे आणि तितक्याच झटक्यात उठायचं. दोन वर्षं माझ्या घरात जिन्याखाली, स्वयंपाकघरात, टीव्हीसमोर हे धाडधाड चालू आहे.

या हिवाळ्यात अनिकाला शाळेत इतिहासाचा प्रोजेक्ट होता: ज्याच्याबद्दल कुणी लिहिलेलं नाही अशा कशाचा तरी इतिहास लिहा. तिने ओस्तापची जुनी टीम निवडली. तीही फार्म टीमच. एका बड्या क्लबची धाकटी टीम. बड्या क्लबबद्दल इंटरनेटवर पानंच्या पानं सापडली. धाकटीबद्दल एक ओळ होती, की क्लबची एक फार्म टीमही होती.

मग प्रॅक्टिसनंतर रिंकच्या कँटीनमध्ये अनिका प्रश्न विचारायची, ओस्ताप उत्तरं द्यायचा, आणि मी थर्मासमधला चहा ओतत ऐकायची. बोलणं इंग्रजीत चालायचं, मी माझ्या भाषेत सांगते.

गाव पोलादाच्या कारखान्याचं. कारखान्याच्या मालकाने बडा क्लब काढला, त्याच्यासाठी नवं कोरं स्टेडियम बांधलं. धाकट्या टीमला जुनी रिंक, छपरातून पाणी गळायचं आणि बर्फावर टेंगळं उठायची. जर्सी बड्या टीमच्या उतरलेल्या. पाठीवरची नावं उसवून काढलेली, पण टाक्यांची भोकं तशीच, त्यामुळे कोण कुणाचं उष्टं घालून फिरतंय ते सगळ्यांना वाचता यायचं. चांगला खेळलास की वर. वर जाऊन पडलास की खाली. ओस्ताप दोनदा वर जाऊन बाकावर बसून आला होता.

आणि एका वर्षी ही टीम, उसवलेल्या जर्सींची, फायनलला पोचली.

"मग?" अनिकाने विचारलं.

"मग मालकाला कप हवासा वाटला," ओस्ताप म्हणाला. "बड्या टीमचा सीझन संपला होता, ती पोरं रिकामीच होती. त्यांना खाली पाठवलं. पण नियम होता, आमचा कुणी जखमी असेल तरच वरचा खेळाडू घेता येतो. म्हणून फायनलच्या सकाळी डॉक्टर आला आणि आमच्यातले नऊ जण जखमी झाले."

"कुठे?"

"डावा गुडघा. सगळ्यांचाच. डॉक्टरला उजवा लिहायचा कंटाळा आला असेल."

अनिका हसली. मी नाही हसले. मी विचारलं, "आणि तुम्ही काय केलंत?"

"गॅलरीत बसलो. आपली टीम जिंकली म्हणून टाळ्या वाजवल्या." त्याने चहाचा पेला बाजूला सरकवला. "पुढच्या वर्षी लढाई आली. बडा क्लब दुसऱ्या शहरात गेला. आमची टीम कुणी बंद केली नाही, फक्त प्रॅक्टिसला कुणी बोलावलंच नाही. मग रिंक जळली. फोटो आहे एक, कपाबरोबरचा. त्यात आमच्यातलं कुणी नाही. त्या नऊपैकी तिघं आता जगातही नाहीत."

त्या रात्री मी ते सगळं यतीनला सांगितलं. आयत्या बिळावर नागोबा, मी म्हटलं, आणि वर बिळातल्या मुंग्यांनी टाळ्या वाजवायच्या. यतीन म्हणाला, "हो ना, वाईट आहे," आणि डिशवॉशर लावला.

मार्चमध्ये आमची दुसरी टीम फायनलला पोचली. पहिली टीम आधीच हरून घरी बसली होती. आता पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला कळलं नाही. मी खुशाल टीमसाठी शंकरपाळे तळत होते.

क्लबचा डायरेक्टर डग. दात पांढरे, हात नेहमी कुणाच्या तरी खांद्यावर. त्याने मला फोन केला नाही, यतीनला केला. बायकोला करायचा नाही एवढी अक्कल त्याला होती. लीगचा नियम इथेही तोच: वरची खेळाडू खाली खेळवता येत नाही, पण गोलकीपर जखमी असेल तर वरची चालते. पहिल्या टीमची राखीव गोलकीपर केल्सी वर्षभर बाकावर होती आणि तिचे वडील क्लबच्या कमिटीवर होते. डगने फार गोड शब्दांत सांगितलं, की अनिकाचा गुडघा जरा मुरगळलाय असं म्हणू या. डावा म्हणू या. पुढच्या वर्षी तिची पहिल्या टीममधली जागा पक्की.

यतीन म्हणाला, व्हॉटेव्हर इज बेस्ट फॉर द टीम.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात कळलं.

"तू 'नाही' का म्हणाला नाहीस?"

"नीलू, तो डायरेक्टर आहे. फोनवर तोंडावर नाही कसं म्हणणार? आणि एक मॅच आहे यार. नेक्स्ट इयर ती ए टीममध्ये असेल. लाँग टर्म बघ ना."

"तिचा पाय मोडलाय असं लिहून देणार?"

"मोडलाय नाही. मुरगळलाय."

आमच्या लोकांचा हा आजार आहे. घरात बायकोशी मुरगळलाय की मोडलाय यावर तासभर वाद घालू, पण साहेबाचा फोन आला की मान आपोआप हलते. एवढा शिकलेला, ऑटो कंपनीत टीम सांभाळणारा माणूस, आणि नाही हा शब्द त्याला कुठल्याच भाषेत येत नाही.

अनिका जिन्यात उभी राहून ऐकत होती. "आई, इट्स फाइन," ती म्हणाली आणि वर गेली. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने हळू लावलं.

दुसऱ्या दिवशी मी रिंकवर जाऊन ओस्तापला गाठलं. तो यंत्राखाली वाकून काहीतरी पुसत होता. मी जे बोलले त्यातलं काहीही मागे घेत नाही. म्हटलं, तुला नऊ गुडघे पाठ आहेत ना? माझ्या मुलीला कँटीनमध्ये बसून सांगितलेस ना? आता दहावा तू लिहिणार?

त्याने फडकं पिळून यंत्रावर टाकलं.

"इथे राहायची आमची परवानगी तात्पुरती आहे," तो म्हणाला. "वकील म्हणतो, काही कर पण नोकरी सोडू नकोस. डग म्हणाला, सही कर. माझा मुलगा तिसरीत आहे. तो झोपेत आता इंग्रजी बोलतो. त्याला मी कुठे नेऊ?"

त्याचं खरं होतं, आणि त्याचाही मला राग आला. आम्हीही ग्रीन कार्डाची वाट बघत कंपनीच्या एकेका पत्रासाठी श्वास धरून बसलेली माणसं. भीती कशी दिसते ते मला ठाऊक होतं. पण म्हणून ती माझ्या पोरीच्या गुडघ्यावर उतरावी का? त्याच्यावर रागावले, डगवर रागावले, आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले, रागानेच.

शनिवारी रिंकच्या बोळात, ड्रेसिंग रूमच्या बाहेर, लीगच्या बाई टेबल मांडून बसल्या होत्या. म्हाताऱ्या, चष्म्याला साखळी. त्यांच्यासमोर डगने आधीच भरून आणलेला कागद. कोचची सही तेवढी राहिली होती. अनिका ट्रॅकसूटमध्ये, पॅडची पिशवी खांद्याला, यतीनच्या शेजारी उभी. केल्सी पलीकडे भिंतीकडे तोंड करून. त्या पोरीची काही चूक नव्हती.

ओस्तापने पेन घेतलं. कागद वाचला. एवढासा कागद, पण त्याला वाचायला फार वेळ लागला.

"लेफ्ट नी," तो म्हणाला.

"यस," डग म्हणाला. "साइन इट, बडी."

ओस्तापने पेन धरूनच मान वळवली. "अनिका, तुझा डावा गुडघा कसा आहे?"

"ओस्ताप, आपलं हे बोलून झालंय," डग म्हणाला.

"माझं झालंय. तिला कुणी विचारलेलं नाही."

अनिकाने वडिलांकडे बघितलं. यतीन बुटांकडे बघत होता. मी तोंड उघडणार होते, आयुष्यात पहिल्यांदा मी ते आपणहून मिटलं.

तिने पिशवी खाली ठेवली. आणि उभी होती तिथेच धाडकन गुडघ्यांवर पडली. पॅड नाहीत, काही नाही, खाली सिमेंटवर पातळ रबर. उठली. पुन्हा पडली. उठली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा ड्रेसिंग रूमचं दार उघडून तिच्या टीमच्या मुली बाहेर डोकावल्या.

"गुडघा ठीक आहे, कोच," ती म्हणाली.

लीगच्या बाईंनी चष्मा काढून साखळीवर सोडला. "मला तर हा गुडघा चांगलाच दिसतो," त्या म्हणाल्या. ओस्तापने पेन टेबलावर ठेवलं. सही केली नाही.

अनिका खेळली. आम्ही एका गोलने हरलो. शेवटचा गोल तिच्या डाव्या बाजूने गेला, आणि तो केल्सीने अडवला असता की नाही हे मला माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नाही. केल्सी माझ्या पुढच्या रांगेत बसून अनिकासाठी घसा फाटेपर्यंत ओरडत होती.

मॅच संपल्यावर डगने सगळ्यांसमोर ओस्तापच्या खांद्यावर हात ठेवला. "मंडे मॉर्निंग. माय ऑफिस."

मी पुढे सरकले. पण माझ्या आधी यतीन बोलला.

"किती वाजता, डग? मीही येतो."

"हा स्टाफचा प्रश्न आहे."

"फोन मला केला होतास," यतीन म्हणाला. त्याचा चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आला होता. "खोटं बोलायला मला सांगितलंस. मी हो म्हणालो. आता नाही म्हणतोय. सोमवारी सगळ्यांसमोर म्हणेन."

तो खरोखर गेला, मीही गेले. कमिटीपुढे तेच बोलला. त्यामुळे ओस्तापची नोकरी तेवढी वाचली. टीम मात्र काढून घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, नवी दिशा. आता त्याने फक्त यंत्र चालवायचं. डग आहे तिथेच आहे, दातही तसेच पांढरे. अनिकाला पहिल्या टीममध्ये घेतलेलं नाही. दोन्ही गुडघे दोन आठवडे काळेनिळे होते. प्रोजेक्टला शाळेने बी ग्रेड दिली. शिक्षिकेने शेरा मारला, की संदर्भ अपुरे आहेत, एकाच माणसाच्या सांगण्यावर सगळं उभं आहे. त्यांनाही मी भेटून आले.

दुसऱ्या टीमला आता नवा कोच आहे. प्रॅक्टिसच्या आधी ओस्ताप यंत्र घेऊन बर्फावर येतो तेव्हा मुली कठड्याला लागून उभ्या राहतात आणि हॉकीच्या काठ्या फळीवर आपटतात. हॉकीत जखमी खेळाडू उठून उभा राहिला की असं करतात. अनिकाने सुरू केलं. मग सगळ्यांनी धरलं. केल्सीनेही. डगने दोनदा ईमेल पाठवली, की फळ्या खराब होतात, आवाज बंद करा.

मी काचेच्या अलीकडून दोन्ही मुठींनी काच बडवते. यतीन माझ्या शेजारी उभा असतो. तो एका हाताने बडवतो, दुसऱ्याने चष्मा धरतो. ओस्ताप आमच्याकडे बघत नाही. पण काल शेवटचं वळण घेताना त्याने यंत्र थांबवलं, खाली उतरला, आणि मुलींच्या समोर, मधोमध, त्या ओल्या बर्फावर दोन्ही गुडघे धाडकन टाकले. मग उठला, पँट झटकली, आणि राहिलेला बर्फ सपाट केला.