साहेबांचं नाक

आमच्या नगराध्यक्षांना सगळं शहर साहेब म्हणतं. निवडून आल्यावर साहेबांनी स्वतःच्या नावाच्या छत्र्या काढल्या, मग चपला काढल्या. चपलांवर चेहरा छापायचा त्यांचा बेत कुणीतरी शहाण्याने वेळीच मोडून काढला, एवढंच. छत्र्या उलटल्या, चपला झिजल्या, पण साहेबांचा उत्साह काही झिजेना. मग त्यांनी थेट खुर्चीलाच हात घातला. 'साहेब खुर्ची'! कंपनी बाईसाहेबांच्या नावावर, कारखाना मेहुण्याचा आणि गिऱ्हाईक कोण, तर नगरपालिका. म्हणजे विकणारेही तेच आणि विकत घेणारेही तेच. शाळा, वाचनालय, दवाखाना, सगळीकडच्या वेताच्या खुर्च्या एका आदेशासरशी बाद झाल्या.

त्या खुर्च्यांवरच आमचं घर चालायचं. दुकान माझ्या सासऱ्यांचं, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पा वेताची बैठक विणायचे, आमचे हे खुर्चीचे पाय बसवायचे आणि मी गल्ल्यावर बसून दोघांवर ओरडायचे. आता ओरडण्यासारखंही काही उरलं नव्हतं. तरी आप्पा रोज सकाळी टबात वेत भिजत घालत, कारण ओला असल्याशिवाय तो वाकत नाही. संध्याकाळी तोच बाहेर काढून वाळत टाकत.

"लोकांचं घोंगडं भिजत पडतं, आपला वेत," मी म्हणायचे. आप्पा हसायचे.

एका संध्याकाळी हे खिशाला बिल्ला लावून आले. बिल्ल्यावर साहेबांचा चेहरा होता. "एक तारखेपासून साहेबांच्या शोरूममध्ये लागतोय," हे म्हणाले. "दुकान बंद करू आप्पा. किती दिवस ओढायचं?"

त्या दिवशी आप्पा टबातला वेत बाहेर काढायचा विसरले. मला इतकं वाईट वाटलं की मी यांच्याशी दोन दिवस धड बोललेही नाही.

तिसऱ्या दिवशी वाचनालयाच्या बाई आल्या, हातात साहेब खुर्ची घेऊन. खुर्चीच्या पाठीवर प्लॅस्टिकचा उठावदार साहेब होता. मागे टेकलं की त्याचं नाक बरोबर मणक्यात रुतायचं.

"साहेब फार नाक खुपसतात हो," बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या.

आप्पांनी कानस घेतली आणि घासून घासून नाक सपाट केलं. बाई टेकून बसल्या आणि त्यांचे डोळेच मिटले. दुपारी दवाखान्यातल्या नर्सबाई दोन खुर्च्या घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतले गुरुजी आले. येणारा प्रत्येक जण 'हे नाक निघेल का?' एवढंच विचारत होता, म्हणून मी खडू घेऊन दाराबाहेरच्या फळ्यापाशी गेले. त्यावर वर्षानुवर्षं लिहिलेलं असायचं, 'बैठक विणून मिळेल. पाय बसवून मिळतील.' त्याच्याखाली मी लिहिलं, 'साहेबांचं नाक कापून मिळेल.'

माझ्या मनात खरंच काही नव्हतं. दुकानाच्या फळ्यावर माणूस दुसरं काय लिहिणार?

तासाभरात बाहेर रांग लागली. अर्ध्या लोकांकडे खुर्च्या होत्या, बाकीचे नुसतेच हसायला आले होते. हे शोरूममध्ये काम शिकून घ्यायला गेले होते, ते धावतच आले.

"अगं, काय लिहिलंयस हे! मोठ्याने वाच तरी एकदा."

मी मोठ्याने वाचलं आणि माझा हात तोंडावर गेला. तेवढ्यात साहेबांची गाडी दारात येऊन थांबली.

"कुणी लिहिलं हे?" साहेबांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. "म्हणजे तुमचं नाही हो, खुर्चीचं नाक."

साहेब भडकणार होते, पण त्यांची नजर रांगेवर गेली. शेवटपर्यंत गेली आणि सावकाश परत आली. कपाळावरच्या आठ्या कुठल्या कुठे गेल्या.

"रोज इतकी माणसं येतात?" ते एकदम मऊ आवाजात म्हणाले. "मग असं करू. 'साहेब दुरुस्ती केंद्र'! नाव माझं, चेहरा माझा, हात तुमचे. नफा निम्मा तुमचा, निम्मा बाईसाहेबांचा."

आधी नाक विकायचं आणि मग ते कापायचेही पैसे घ्यायचे! मला बोलायचं होतं, पण यांचा चेहरा उजळलेला दिसला. "आप्पा, दुकान तरी राहील," हे हळूच म्हणाले. यांनाही दुकान हवंच होतं तर. माझा राग तिथेच विरघळला.

आप्पांनी हातातली कानस खाली ठेवली. "बसा ना साहेब. बसून बोलू."

दुकानात रिकाम्या दोनच खुर्च्या होत्या. एक कोरी करकरीत साहेब खुर्ची, नाकासकट. दुसरी आप्पांची स्वतःची, वेताची, हाताचा टवका उडालेली. साहेब नफ्याचं बोलत बोलतच वळले, कोरी खुर्ची पायाने बाजूला सारली आणि वेताच्या खुर्चीत ऐसपैस टेकले.

"हां," ते सुस्कारा सोडत म्हणाले, "काय आराम आहे!"

गंमत बघायला आलेल्या वाचनालयाच्या बाई फिस्सकन हसल्या आणि सगळी रांग खो खो हसायला लागली. साहेबांना कळायला जरा वेळ लागला. पण मुरलेला पुढारी तो, सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला.

"पाठीचा त्रास आहे हो मला."

"आम्हालाही आहे," रांगेतून नर्सबाई म्हणाल्या. "तुमची खुर्ची आल्यापासून."

त्यानंतर साहेबांना एकदम कुठलीशी बैठक आठवली. निम्म्या नफ्याचं नाव कुणी काढलं नाही. गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले, "ताई, ते नाक तेवढं पुसा."

साहेबांचा शब्द कसा मोडायचा? मी ओलं फडकं घेऊन फळा पुसला. हे शेजारी येऊन उभे राहिले. खिशावरचा बिल्ला काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला, माझ्या हातातला खडू घेतला आणि स्वतः लिहायला लागले.

"काय लिहिलं रे? चष्मा आत राहिलाय," आप्पांनी विचारलं.

या वेळी मी आधी मोठ्याने वाचलं, "साहेब स्वतः बसतात ती खुर्ची विणून मिळेल."

आप्पा यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "उद्या वेत तू भिजत घाल. जरा जास्तच घाल."