आतली कडी

आमच्या थोरल्या मुलीला, ग्लेनिसला जुळं झालं ते साल २००९. नातवंडं बघितली आणि मे महिन्यात आम्ही दोघं उत्तरेला निघालो, मी आणि माझी बायको नोरीन. घर विकून मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतल्याला चार वर्षं झाली होती. आमच्या देशात मे ते ऑगस्ट हिवाळा, आणि उत्तरेकडे तेव्हाही ऊन असतं. दक्षिणेत थंडी पडली की आमच्यासारखे म्हातारे उत्तरेच्या उबेला जातात आणि कुठल्यातरी नदीकाठी महिना दोन महिने तळ टाकून राहतात. मी सगळा जन्म मेंढ्यांची लोकर कातरण्यात घालवला. लिहायला-वाचायला नोरीननेच शिकवलं, तेही मी छप्पन्न वर्षांचा झाल्यावर.

नोरीनला साखरेचा आजार होता. रोज सकाळी सुई टोचून घ्यायची आणि लगेच खायचं. खायला उशीर झाला की तिची साखर उतरायची, बोलणं अडखळायचं, मग ती पडायची. दोनदा पडली होती. दोन्ही वेळा गोड पाणी पाजलं आणि उठून बसली.

तळावर एक रीत होती. सकाळी उठून खाणं झालं की खुर्ची दाराबाहेर मांडायची. नऊपर्यंत खुर्ची दिसली नाही तर शेजाऱ्याने जाऊन दार वाजवायचं. आमची शेजारीण डल्सी. तिची गाडी आमच्या गाडीच्याच कंपनीची, आणि या गाड्यांची कुलपं म्हणजे नुसती थट्टा. एक दिवस डल्सीने गंमत म्हणून तिची किल्ली आमच्या दाराला लावली, तर दार उघडलं.

नोरीन टाळ्या वाजवून हसली. "बरं झालं! मी आत पडले तर तू येशील की नाही गं?"

"येईन की. येताना तुझी बिस्किटंही संपवीन."

मला हसू आलं नाही. त्याच आठवड्यात पलीकडच्या एका बाईची पक्षी बघायची दुर्बीण गेली होती. तळभर चोर आला, चोर आला असं चाललं होतं. मी डल्सीला म्हणालो, "पुन्हा माझ्या दाराला हात लावायचा नाही. किल्ली लागते म्हणून काय कुणीही शिरायचं?" डल्सीचं तोंड उतरलं. नोरीन दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. पुढच्या दोन्ही दारांच्या हँडलांतून सामान बांधायचा पट्टा ओवून आतून करकचून ताणला, म्हणजे बाहेरून ती दारं उघडायची नाहीत. खिडक्यांना आतून गज लावले. आणि मागच्या दाराला, ज्यातून आमचं येणं-जाणं, आतून जाड पोलादी कडी बसवली. चौकटीतून आरपार भोकं पाडून, मागे पट्टी देऊन, नटबोल्टने. स्क्रूचं काम मी करत नाही.

नोरीन चहाचा कप घेऊन बघत उभी होती. "मर्व्ह, हे घर आहे की मेंढ्यांचा कोंडवाडा?"

"आत सुखरूप राहशील."

"आणि डल्सी आत कशी येणार?"

"मी आहे ना. डल्सी कशाला पाहिजे?"

तीन दिवसांनी दुर्बीण सापडली. त्या बाईच्याच मळक्या कपड्यांच्या पिशवीत होती. नोरीन ते सांगत आली आणि म्हणाली, "आता काढ ती कडी."

"भोकं पडलीत. काढली तर पाणी शिरेल."

"इथे ऑक्टोबरपर्यंत पाऊस नाही, म्हाताऱ्या."

मला पक्कं ठाऊक होतं. पाण्याचं कारण खोटं होतं. एवढं चांगलं काम केलेलं काढून टाकायचं आणि तळावर हसं करून घ्यायचं, ते मला नको होतं.

२१ जुलैला, मंगळवारी, डल्सीचा नवरा व्हर्न गॅसची टाकी आणायला गावात निघाला. मीही त्याच्याबरोबर निघालो. आठ वाजले होते. नोरीनने सुई टोचून घेतली होती, पाव भाजायचा होता.

"आधी कडी लाव," मी बाहेरून म्हणालो. "आवाज ऐकल्याशिवाय मी हलणार नाही."

"जा रे बाबा, व्हर्न हॉर्न वाजवतोय."

"कडी."

आतून कडी सरकल्याचा आवाज आला. "झालं समाधान? येताना टोमॅटो आण," ती म्हणाली. मग मी गेलो.

पुढचं डल्सीने सांगितलं. नऊला खुर्ची बाहेर नव्हती म्हणून तिने दार वाजवलं, हाका मारल्या. किल्ली हातात होती. मी बोललो होतो ते आठवून तिने ती लावली नाही. दाराला कान लावला तर आतून मोठ्याने घोरणं ऐकू आलं. झोपली असेल, झोपू दे, असं म्हणून ती परत गेली. दहाला पुन्हा आली, तेव्हाही घोरणं चालू होतं. मग मात्र तिने किल्ली लावली. कुलूप फिरलं, दार हललं नाही. तळावरची माणसं जमली, पण काच फोडून माझ्या कामाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. मर्व्ह आला की उघडेल, असं सगळ्यांनी ठरवलं.

मी साडेअकराला पोचलो. माझ्याही किल्लीने कुलूप फिरलं आणि दार हललं नाही. मी जॅकचा दांडा घेऊन पुढची काच फोडली आणि आत शिरलो. नोरीन जमिनीवर होती. पाव तसाच, न भाजलेला. ते घोरणं झोपेचं नव्हतं. साखर उतरून माणूस बेशुद्ध पडला की तसा आवाज येतो, हे डॉक्टरने मला नंतर सांगितलं.

आडगावातले आजारी न्यायचं विमान आलं, तिला शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर लगेच वर आणली, पण मेंदू फार वेळ उपाशी राहिला. नऊला कुणी आत शिरलं असतं तर, असं मी विचारलं. तर बहुधा उठून बसली असती, ते म्हणाले.

डल्सी दवाखान्यात आली होती. "मी लगेच काच फोडायला हवी होती," ती म्हणाली. "मला वाटलं तू ओरडशील."

"ओरडलो असतो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

नोरीन शुद्धीवर आलीच नाही. २३ जुलै २००९, गुरुवारी, दुपारी चारच्या सुमाराला ती गेली. एकाहत्तर वर्षांची होती.